जळका पाव

थॅडियस प्रुइटने कोटाच्या खिशात हात घातला, तशी पहारेकरीण ट्वायला खुर्चीवरून उठली.

“काका, खिशात काय आहे?”

“पेपरमिंट.”

“मग खा ना.”

खिशात चित्रं रंगवायच्या पिवळ्या रंगाची ट्यूब होती. थॅडियसने ती खाल्ली नाही.

मेम्फिसच्या त्या संग्रहालयात त्याच्याच चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. दारावर त्याचा भलामोठा फोटोही होता. पण फोटोतले केस आता त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे ट्वायलाने त्याला ओळखलं नव्हतं. आयुष्यभर अंत्यविधीवाले चर्चमध्ये जाहिरातीसाठी वाटतात ते हातपंखे आणि न्हाव्यांच्या पाट्या रंगवल्यावर म्हातारपणी कौतुक आलं होतं. उद्या सत्कार. अख्खं चर्च येणार होतं. फक्त त्याची बायको अर्नेस्टीन येणार नव्हती.

“भिंतीवर माझा मक्याचा पाव जळका आहे तोवर मी तिथे पाऊल ठेवणार नाही,” तिने बजावलं होतं. “चारचौघांत माझी अब्रू टांगलीय.”

लग्न नवं असताना त्याने तिला पाव हातात घेऊन उभं असलेलं रंगवलं होतं. पावाची कड काळी. संग्रहालयाने खाली लिहिलं होतं की ती कड म्हणजे एका समाजाची वेदना.

तो चित्राकडे सरकला. ट्वायलाही सरकली.

“तुमच्यासारखे गरीब चेहऱ्याचेच चित्रं पळवतात, काका.”

“एवढं मोठं? बसच्या दारातून जाणार नाही ते.”

“म्हणजे विचार केलाय तुम्ही.”

थॅडियस चित्रासमोर थबकला. पावाची कड पिवळीधमक होती. वेदना पार गेली होती. त्याने बोट लावून पाहिलं. बोट पिवळं झालं.

“ओ, हात!”

“सकाळी इथे कोण आलं होतं?”

“कुणी नाही. म्हणजे एक आजी होत्या, चर्चला घालतात तसल्या मोठ्या टोपीतल्या. चित्राला अगदी नाक लावून प्रार्थना करत होत्या. त्यांची पर्स कोण तपासणार?”

थॅडियसने खिशातली ट्यूब चाचपली. ती मधोमध दाबलेली होती. तो नेहमी खालून गुंडाळत आणायचा. घरात अर्नेस्टीनशी टूथपेस्टवरून भांडण व्हायचं ते याचसाठी.

ट्वायलाने त्याचं बोट पाहिलं आणि कमरेचा वॉकीटॉकी काढला.

“मीच केलं,” थॅडियसने ट्यूब तिच्या हातात दिली.

“वाटलंच मला! उद्या त्या आजींना काय तोंड दाखवू? सत्काराला येणार आहेत, नवी टोपी घालून.”

“येणार म्हणाल्या?”

“नक्की म्हणाल्या.”

थॅडियसने शहाण्यासारखे दोन्ही हात बेड्यांसाठी पुढे केले.