डावीकडून कमी येतंय

घणाला नवा ॲम्प्लिफायर हवा होता आणि टेलरबाईला तो घरात यायला नको होता. नवराबायकोची अशा गोष्टींवरून कुरबुर होतेच. पण या घरात कुरबुर नावाचा प्रकार नव्हता. इथे एकदम सुरुवातच व्हायची.

घण हे त्याचं यार्डातलं नाव. जुन्या गाड्या तोडायच्या यार्डात तो कामाला होता. दुसऱ्यांना जे गॅसने कापावं लागायचं, ते तो दोन ठोक्यांत मोकळं करायचा. घरी आला की घण यार्डात राहायचा, हात मात्र बरोबर यायचे. बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून पडदे, फ्रॉक, गणवेश शिवायची, म्हणून सगळी इमारत तिला टेलरबाई म्हणायची. उंच गळ्याचे कपडे तिच्याइतके सुबक कोणाला जमत नसत. ते ती बहुतेक स्वतःसाठीच शिवायची.

मारण्याची त्याची एक रीत होती. आधी दाराला कडी. मग ॲम्प्लिफायरचं बटण. हिरवा दिवा लागला की आवाजाचा नॉब. नॉब मध्यावर थांबला तर एखाददुसऱ्या थपडेवर निभावायचं. मध्याच्या पुढे गेला की टेलरबाई चष्मा काढून मशीनच्या खणात ठेवायची. चष्मा नवा करावा लागतो, गाल आपोआप भरून येतो. पहिल्या वर्षी ती ओरडली होती. मग तिच्या लक्षात आलं की एवढ्या आवाजात आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नाही, तेव्हा तो खटाटोप तिने सोडून दिला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, अकरा वर्षांत दोनदा खाली येऊन तक्रार केली. गाण्यांची.

दोन महिन्यांपूर्वी नॉब पार शेवटापर्यंत गेला. त्याने तिला इस्त्रीच्या टेबलावर आडवं पाडून गळा धरला. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, हात चाचपडत गेला आणि इस्त्रीच्या मुठीवर पडला. तिने ती उचलली आणि जिथे त्याचं डोकं असावं असं वाटलं, तिथे हाणली. इस्त्री डाव्या कानावर बसली. तो खाली बसला. कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला, कानामागे कातडं फाटून लोंबत होतं. गाणं चालूच होतं.

यार्डात त्याने सांगितलं, बॉनेट पडलं. घरात काहीच बोलला नाही. ती रोज वाट बघायची. तीन आठवड्यांनी तो आपल्या खुर्चीत बसला, स्पीकरच्या दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, गाणं लावलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "डावीकडून कमी येतंय."

मग तेच सुरू झालं. तारा बदलल्या, पेट्या पुसल्या. "म्हातारा झाला हा. पॉवर गेली त्याची." फोन तो उजव्या कानाला लावायचा. डावीकडून कोणी हाक मारली तर "तोंड उघडून बोलत जा" म्हणून खेकसायचा. बायकोच्या हातून कान गेला, हे मनात येऊ देण्यापेक्षा सोळा वर्षांचा ॲम्प्लिफायर गेला असं मानणं सोपं होतं. टेलरबाईला सगळं लख्ख दिसत होतं. नवा आला, तर त्याच्या दीडशे वॉटपुढे तिचा जीव जातानाही कोणाला कळणार नाही. आणि जुना चांगला आहे असं ठरलं, तर मग दोष कुठे आहे हे त्याला त्याच क्षणी कळेल.

रविवारी दुपारी त्याने मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिककाका साठीचे, काटकुळे. पाठ वाकलेली, कमरेला आधाराचा पट्टा. खोलीत शिरले ते सरळ ॲम्प्लिफायरपुढे मांडी घालून बसले.

"साहेब, नवा घ्यावा की नाही, ते मी जुन्याला विचारून सांगतो."

"त्याला काय विचारायचं? त्याची बोलती बंद झालीय. हा कॅटलॉग बघा. दीडशे वॉट. आपला साठ."

"खोली केवढीशी साहेब. पेलाभर पाणी ढवळायला वल्हं कशाला?"

"मला आवाज पाहिजे."

"कोणाला ऐकवायचाय एवढा?"

घण मोठ्याने हसला. टेलरबाईने ओठांत धरलेल्या टाचण्या आणखी घट्ट धरल्या.

काकांनी वरचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झाडली, नॉबच्या फटीत स्प्रे मारला. मग मागच्या बाजूला असलेली एक काळी टोपी नखाने अर्धा आटा फिरवून काढली. आतून काचेची बोटाच्या पेराएवढी नळी बाहेर आली, तिच्यात केसासारखी तार. ती त्यांनी खिडकीकडे धरली.

"फ्यूज ठीक आहे. वहिनी, बघा, सगळा जीव एवढ्याशात. हा नसेल तर साठ काय आणि दीडशे काय, नुसतं लोखंड."

वहिनींनी बघितलं. नीट बघितलं.

काकांनी फ्यूज परत बसवून ॲम्प्लिफायर चालू केला, त्याच्यावरच्या मीटरचे काटे दोन्ही बाजूंना सारखेच हलले. काकांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "आमच्या उस्तादाचा क्रम असा: आधी मशीन, मग तारा, मग पेट्या. आणि शेवटी माणूस."

टेलरबाईच्या हातातला कपडा सुईखाली तसाच राहिला.

"अहो," ती म्हणाली, "राहू द्या ना. चालतंय तसं चालू दे. काकांना कशाला त्रास..."

"तुला कोणी विचारलं?"

काकांनी तारा उलट केल्या, डावीची उजवीला, उजवीची डावीला, आणि गाणं लावलं. "मशीनचा दोष असेल तर आता तो उजवीकडे जाईल. बोला."

घणाने डोळे मिटले. "डावीकडूनच कमी येतंय."

"म्हणजे मशीन सुटलं. आता पेट्यांची अदलाबदल करायची, पण माझी पाठ नाही म्हणते. आपण खुर्चीच फिरवू. तुम्ही पाठ करून बसा. पेटीचा दोष असेल तर आता उजव्या कानाला कमी येईल."

लोखंडी सांगाड्याची खुर्ची करकरत फिरली. घण पेट्यांकडे पाठ करून बसला. आता त्याच्या तोंडासमोर तिचा कोपरा होता. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि टेबलावर उभी ठेवलेली इस्त्री.

गाणं वाजत राहिलं. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

"बोला साहेब."

"डावीकडून," घण म्हणाला. आवाज इतका हळू की काकांना पुढे वाकावं लागलं. वाकल्यावर त्यांना कानामागचा जांभळा व्रण दिसला. त्यांनी गाणं बंद केलं, बटण दाबून हिरवा दिवा मालवला.

"तुमचं मशीन ठणठणीत आहे. पेट्याही. नवा आणलात तरी डावीकडून कमीच येणार. पैसे आणि जागा, दोन्ही फुकट. त्यापेक्षा एकदा कानाच्या डॉक्टरांना..." पुढचं त्यांनी गिळलं. झाकणाचे स्क्रू भराभर आवळले. "वहिनी, हात धुतो जरा."

"बेसिन आत आहे."

काका आत गेले. घण हलला नाही. तो इस्त्रीकडे बघत होता. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं आणि मग हळूहळू आठवत यावं, तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत होतं. ॲम्प्लिफायर त्याच्या पाठीमागे होता, डाव्या अंगाला.

टेलरबाई उठली. खाली पडलेला दोरा उचलायला जावं तशी त्याच्या डाव्या बाजूने गेली, वाकली. काळी टोपी नखाने फिरवली. रोज बारीक सुईत दोरा ओवणारी बोटं ती, त्यांनी दगा दिला नाही. फ्यूज मुठीत आला. टोपी परत लावली. आतला नळ बंद होईपर्यंत ती आपल्या स्टुलावर होती आणि फ्यूज टाचण्यांच्या डबीत.

"काका, चहा घेऊन जा."

"काकांना घाई आहे," घण म्हणाला.

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्या उंच गळ्याकडे. बॅग उचलली.

"जिना जपून उतरा," ती म्हणाली. "हळू उतरा, काका. अगदी हळू."

दार लागलं. कडी पडली. घण वळला, दोन पावलांत ॲम्प्लिफायरपाशी गेला आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला नाही.

त्याने नॉब फिरवला. शेवटपर्यंत. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी होती. त्याने ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर बुक्की मारली, पत्रा पोकळ वाजला. "आत्ता तर वाजत होता," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलं. टेलरबाईने चष्मा काढून खणात ठेवला.

गाण्याशिवाय मारणं त्याला जमणार नाही असं तिला क्षणभर वाटून गेलं. ते काही खरं ठरलं नाही. पहिला हात उजव्या कानशिलात बसला आणि ती स्टुलासकट मशीनवर आदळली. हातचाकाने भुवई फुटली. त्याने केसांना धरून तिला उभं केलं. "तू," तो म्हणत होता, "तू, तू, तू." शिवीसुद्धा आठवेना त्याला.

ती ओरडली.

पहिलं ओरडणं घोगरं निघालं, गंजलेलं फाटक उघडावं तसं. त्याने तोंडावर हात दाबला, ती त्याच्या अंगठ्याला अशी चावली की दात हाडाला लागले आणि रक्ताची चव आली. तो मागे हटला आणि ती पुन्हा ओरडली. या वेळी ते जिन्यात गेलं, खिडकीतून खाली रस्त्यावर गेलं, वरच्या मजल्यावर गेलं. त्याने तिला भिंतीवर फेकलं. उजवीकडची पेटी तिच्या धक्क्याने कलंडली, त्याने पेटीलाच लाथ घातली, पुढच्या जाळीतून बूट आत गेला. तो अडकला, एका पायावर नाचला, आणखी पिसाळला. तिच्या बरगडीत लाथ बसली, तिचा श्वास गेला. श्वास परत आल्याबरोबर त्याचं तिने ओरडणंच केलं. तो गळ्याकडे आला. तिने दोन्ही गुडघे पोटाशी घेतले आणि जेवढी ताकद होती तेवढी एकाच जागी घातली: घशात.

दार वाजायला लागलं. आधी एका माणसाच्या हातांनी, मग पुष्कळ हातांनी.

"वहिनी! मी आहे, मेकॅनिक! उघडा!"

"उघड रे मेल्या!" हा सिस्टरांचा आवाज. "पोलिसांना फोन लावलाय मी, अजून चालूच आहे, ऐकतायत ते!"

घणाने तिचं डोकं जमिनीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटताना कडीचे स्क्रू लाकडातून निघाले आणि दार धाडकन आत उघडलं. समोरच्या घरातले बापलेक, तळमजल्यावरचा रंगारी आणि त्यांच्यामागे काका आले. चौघांना तो आवरेना. रंगाऱ्याचा दात पडला. शेवटी काकांनी कमरेचा पट्टा सोडला आणि त्या पट्ट्याने घणाचे हात पाठीमागे करकचून बांधले. नंतर काकांना सरळ उभं राहता येईना, ते भिंतीला धरून राहिले.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. एक हवालदारीण मागे थांबून लिहून घेत होती. "किती दिवसांपासून चालू होतं हे?"

"अकरा वर्षं," टेलरबाई म्हणाली.

"शेजाऱ्यांनी कधी काही ऐकलं नाही?"

सिस्टर तिची भुवई साफ करत होत्या. त्यांचा हात थांबला. "गाणी ऐकली," त्या म्हणाल्या. "मी तक्रार केली होती, आवाज कमी करा म्हणून." मग त्यांनी कापूस खाली ठेवला आणि पदराऐवजी हाताला आलेल्या अर्धवट शिवलेल्या पडद्याने डोळे पुसले. तो एका गिऱ्हाइकाचा होता, पण टेलरबाई काही बोलली नाही.

"रुग्णवाहिका येतेय," सिस्टर जरा वेळाने म्हणाल्या. "कानात काही होतंय का गं?"

"उजवा वाजतोय. शिट्टीसारखा."

सिस्टरांनी तिचा उजवा कान उजेडाकडे वळवून बघितला. ते बघणं टेलरबाईला आवडलं नाही. तिने कोपऱ्यात बघितलं. काका ओणवे होऊन ॲम्प्लिफायरची मागची बाजू तपासत होते. माणसाला दुसरं काही सुचलं नाही की तो आपलं कामच करत बसतो.

"वहिनी, याचा फ्यूज कुठे गेला?"

तिने टाचण्यांची डबी उघडून पुढे केली. काकांनी डबीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, कितीतरी वेळ.

"बसवा," ती म्हणाली. "अगदी बारीक लावा. सिस्टरांची तक्रार असते."

सिस्टर हसल्या की रडल्या ते कळलं नाही. रंगाऱ्याने कलंडलेली पेटी उभी केली. टेलरबाई भिंतीला धरत धरत आली आणि घणाच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती आजवर बसली नव्हती. काकांनी खुर्ची पेट्यांकडे वळवून दिली. हिरवा दिवा लागला. गाणं आलं, इतकं हळू की त्यातले शब्द कळत होते. एवढी वर्षं हे शब्द होते होय, असं तिला वाटलं.

मग तिचा चेहरा उतरला. "उजवीकडून कमी येतंय."

काकांनी नजर खाली वळवली.

टेलरबाई उठली. एक हात बरगडीला दाबून, दुसऱ्याने तिने ती लोखंडी खुर्ची स्वतःच ओढली. रंगारी पुढे आला, त्याला मानेनेच नको म्हणाली. खुर्ची करकरत पूर्ण फिरली. ती पेट्यांकडे पाठ करून बसली, इस्त्रीकडे तोंड करून, आणि डोळे मिटले.

कडवं संपलं. दुसरं सुरू झालं.

"काका," ती म्हणाली, "आता डावीकडून कमी येतंय."

"म्हणजे पेटी," काका म्हणाले. "पेटी फुटलीय वहिनी, नुसती पेटी. ती होईल नीट."

"नवा घ्यायला नको ना?"

"काही गरज नाही."

खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. तो तिला दोन्ही कानांनी ऐकू आला.