किमयाची कॅसेट माझ्यात अडकली

मी एक जुना व्हीसीआर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. पूर्वी पुस्तकाएवढी काळी कॅसेट मिळत असे आणि तिच्या पोटात लांबच लांब तपकिरी फीत असे. कॅसेट माझ्या तोंडात सरकवली की मी ती फीत ओढून वाचत असे आणि समोरच्या टीव्हीवर चित्र उमटत असे. हे काम मी दहा वर्षे मन लावून केले. मग एका रविवारी दुपारी मी बिघडलो. त्या दिवशी मी बिघडायला नको होते. त्या दिवसाचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

१९९१ साली विश्वासरावांनी मला मध्य प्रदेशातल्या देवासच्या आपल्या क्वार्टरमध्ये आणले. ते कारखान्यातल्या नोकरीसाठी खानदेशातून इकडे आलेले. घरात पत्नी बकुळा आणि सात वर्षांची मुलगी किमया. विश्वासराव दर महिन्याला माझे स्क्रू काढत आणि कापसाला स्पिरिट लावून माझे हेड पुसत. हेड म्हणजे फीत वाचणारा माझा डोळा. कॉलनीत कुणाचे लग्न झाले की त्याची कॅसेट पाहायला सगळे आमच्याकडे जमत. नवरीच्या शालूवरचे बुट्टेसुद्धा मोजता येतात, अशी माझी तारीफ होई, आणि बकुळाबाई माझ्यावरून कौतुकाने फडके फिरवत.

किमया मोठी होत गेली. तेरा-चौदाव्या वर्षी तिला 'काळी माती' नावाच्या बँडने वेड लावले. इंदूरची तीन मुले वाजवत आणि धारची ईशानी नावाची मुलगी गात असे. तिचे घराणे जुन्या दरबारातले, पण गाणे अगदी रस्त्यावरचे. हिंदी आणि माळवीत ती असे काही ओरडून गायची, की ऐकणाऱ्याच्या छातीत गिटार वाजावी. किमयाची शाळा हिंदी. घरात ती मराठी बोले, पण लिहायची हिंदीत. तिने ईशानीला पत्रांवर पत्रे लिहिली. शेजारच्या क्वार्टरमधला शंतनू आणि धारचा विक्रमसिंह हे तिचे या वेडातले सोबती. विक्रमसिंह कॉलेजात होता. धार, कुक्षी, देवास अशा सगळ्या गावांतल्या चाहत्यांचे पत्ते त्याने एका वहीत जमवले होते.

१९९९च्या जानेवारीत धारच्या एका मैदानावर 'काळी माती'चा कार्यक्रम झाला. शंतनू आणि त्याच्या मोठ्या बहिणीबरोबर किमया तिथे गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि डोळे चमकत होते. ईशानी गाणे संपवून निघाली होती, पण आम्ही तिला जाऊच दिले नाही, असे ती बकुळाबाईंना अभिमानाने सांगत होती. अर्धा तास ओरडून आम्ही तिला परत बोलावले, मग तिने आणखी तीन गाणी म्हटली, म्हणाली.

त्यानंतर 'काळी माती' कुठेच वाजली नाही.

नवी कॅसेट नाही, कार्यक्रम नाही, पत्रांना उत्तर नाही. कुणी म्हणे ईशानी परदेशात गेली, कुणी म्हणे तिचे लग्न झाले, कुणी म्हणे तिला गर्व झाला. चाहते आधी वाट पाहत राहिले, मग रागावले. किमया मात्र दर महिन्याला पत्र लिहीतच राहिली, फक्त आता ते टपालात टाकत नसे. तिने अभ्यास टाकला नाही, पण तिचे हसणे कमी झाले.

याच काळात घरात नवा सीडी प्लेअर आला. तो माझ्या डोक्यावर बसला आणि माझ्या तोंडावर विणलेला रुमाल आला. विश्वासरावांच्या कारखान्यातल्या पाळ्या वाढल्या होत्या. पावणेदोन वर्षे मला कुणी उघडले नाही. माझ्या हेडवर धूळ बसली आणि फीत पुढे ओढणारा माझा रबरी रोलर कडक झाला. मला ते जाणवत होते, पण मला विचारणार कोण?

२००१ सालच्या ऑगस्टमध्ये विक्रमसिंहचा फोन आला. कुणीतरी 'काळी माती'वर माहितीपट बनवला होता. तो इंदूरला एकदाच, मोजक्या लोकांना दाखवला होता. बँडचा ड्रम वाजवणारा जगदेव याने त्याची एक कॅसेट विक्रमसिंहला दिली होती. दुसरी प्रत नव्हती. आणि चाहत्यांपैकी कुणाच्याच घरी आता चालू व्हीसीआर उरला नव्हता. किमयाने फोनवरच सांगून टाकले, की आमच्याकडे आहे.

त्या रविवारी दुपारी अकरा जण आमच्या खोलीत दाटीवाटीने बसले. बकुळाबाईंनी पोहे केले. विश्वासराव पाळीवर होते. किमयाने माझ्यावरचा रुमाल काढला आणि ओल्या फडक्याने मला बाहेरून पुसले.

सुरुवातीला सगळे आनंदात होते. जुन्या तालमी दिसल्या, ईशानी गिटारच्या तारेवरून कुणाची तरी टर उडवताना दिसली, आणि सगळ्यांनी तिच्याबरोबर गायला सुरुवात केली. कुक्षीहून आलेली एक मुलगी गाता गाता रडू लागली. शंतनूने खांद्याने तिला धक्का दिला आणि ती रडतच हसली.

मग पडद्यावर जगदेव बोलू लागला. त्याने सांगितले, की धारच्या कार्यक्रमाच्या आधीच ईशानीच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी दोन महिने गाऊ नको म्हणून सांगितले होते. पण लोक लांबून येणार होते, म्हणून तिने एक तास गायचे कबूल केले. तो तास ती कशीबशी गायली.

पुढचे दृश्य धारच्या मैदानाचे होते. ईशानी माईकजवळ येऊन म्हणाली, "आज बस इतना ही. गला साथ नहीं दे रहा." आणि कॅमेरा गर्दीकडे वळला. पहिल्या रांगेत, बाग गावची लाल-काळी छापील ओढणी घेतलेली एक मुलगी दोन्ही हात तोंडाशी धरून हसत ओरडत होती, "नहीं जाने देंगे!" कॅमेरा तिच्यावरच थांबून राहिला. मागून सगळे मैदान तिचेच शब्द म्हणू लागले.

ती किमया होती.

पडद्यावर ईशानी परत आली, तीन गाणी गायली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचा आवाज कापडासारखा फाटला. तिने तोंडाला टॉवेल लावला आणि तो काढला तेव्हा त्यावर लाल डाग होता. जगदेव सांगत होता, की पुढे ऑपरेशन झाले, पण आवाज आला नाही. आता ईशानी धरमपुरीला आपल्या आत्याकडे राहते आणि कुजबुजल्यासारखे बोलू शकते, तेही थोडेच.

कुक्षीची मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. एक जण उठून चपला घालून जिन्यात जाऊन बसला. विक्रमसिंह किमयाकडे वळला.

"तूने सुना था ना, किमया? वो बोली थी कि गला साथ नहीं दे रहा."

किमयाने मान हलवली. तिने ते ऐकले होते. गाणारे सगळेच असे म्हणतात, असे तिला वाटले होते.

"तूही ओरडत होतास," शंतनू विक्रमसिंहला म्हणाला. "मागे होतास, म्हणून दिसला नाहीस."

विक्रमसिंहने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. तो इतका मोठा मुलगा, पण त्याचे खांदे गदगदत होते.

माहितीपटाच्या शेवटी ईशानी नर्मदेच्या घाटावर बसलेली दिसली. ती खूप वाळली होती. मागे नावेच्या इंजिनाची भडभड चालू होती. तिने कॅमेऱ्याकडे पाहिले आणि ओठ हलवले. काहीतरी बोलली. मग चित्र काळे झाले.

काय बोलली, ते कुणालाच नीट कळले नाही. एकाला वाटले, ती म्हणाली पुन्हा गाईन. शंतनूला वाटले, ती म्हणाली येऊ नका. किमया माझ्याजवळ सरकून आली. तिने 'माफ' हा शब्द ऐकला होता. ईशानी म्हणाली असेल, माफ किया, असे तिला वाटले. तिने फीत मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा मागे नेली. कान टीव्हीला लावून ऐकू लागली.

"किमया, पुरे आता," बकुळाबाई म्हणाल्या.

"एकदाच, आई. शेवटचं."

मित्रांनो, मी शर्थ केली. मला त्या पोरीची दया येत होती. तो एक शब्द तिला स्वच्छ ऐकवावा, असे मला मनापासून वाटत होते. पण माझ्या हेडवरची घाण फितीवर घासत होती आणि प्रत्येक वेळी चित्र अधिक पांढरे, आवाज अधिक खरखरीत होत होता. अकराव्या की बाराव्या वेळी माझा कडक रोलर घसरला. फीत सैल पडली, रोलरभोवती गुंडाळली आणि मी ती आत ओढतच राहिलो. मला थांबता येईना. पडद्यावर ईशानीचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि गेला.

"कॅसेट खा गया!" विक्रमसिंह ओरडला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. किमयाने त्याचा हात धरला. ती रडत नव्हती. ती माझ्या तोंडात दोन बोटे घालून कॅसेट ओढू पाहत होती आणि सारखी म्हणत होती, मीच केलं, हेही मीच केलं.

विश्वासराव पाळीवरून आले तेव्हा सगळे तसेच बसून होते. त्यांनी डबासुद्धा खाली ठेवला नाही. तो काखेत धरूनच त्यांनी माझे स्क्रू काढले. चिमट्याने फीत सोडवायला त्यांना तासभर लागला. हातभर फीत चुरगळून तुटली होती, तेवढी कापावी लागली. उरलेली त्यांनी जोडून दिली. घाटावरचे ते शेवटचे बोलणे मात्र गेले ते गेलेच.

"हेड पुसायला हवं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "राहूनच गेलं बघ."

पुढचे आठ दिवस किमया नीट जेवली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसे, मला चालू करत नसे. माफ किया, की आणखी काही? तिला दुसरे काही सुचतच नव्हते. जगदेवला फोन केला, तर त्यालाही ते शब्द कळले नव्हते. शेवटी बकुळाबाईच म्हणाल्या, की जाऊन विचारून ये, नाहीतर तू अशीच वाळून जाशील. जगदेवने ईशानीच्या आत्याकडे निरोप धाडला आणि होकार आला. मग शंतनू आणि विक्रमसिंह तिच्याबरोबर धरमपुरीला गेले.

मी अर्थातच गेलो नाही. दुसऱ्या दिवशी किमयाने आईला जे सांगितले, ते मी शेजारी बसून ऐकले.

ईशानीने त्यांना ओसरीवर बसवले, आत्याबाईंनी पाणी दिले. किमयाच्या पिशवीत अडीच वर्षांत लिहिलेल्या पण न पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा होता. तो तिने बाहेर काढलाच नाही. ती एवढेच म्हणाली, की त्या दिवशी समोर मी होते.

"ठाऊक आहे," ईशानी कुजबुजली. "ओढणी आठवते."

मग किमयाने घाटावरच्या त्या बोलण्याचे विचारले. ईशानीला आधी आठवेना. आठवले तेव्हा ती थोडी हसली. ते बोलणे चाहत्यांसाठी नव्हतेच. ती कॅमेरावाल्याला म्हणाली होती, "माफ करना भिया, अब बंद कर दो. दुखता है."

हे सांगता सांगता किमया आईजवळ सरकली. "त्याला नावेच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणाली ती. आई, आणि मी ते पुन्हा पुन्हा लावत होते. दुखतंय म्हणून सांगत होती ती, आणि मी पुन्हा पुन्हा लावत होते."

बकुळाबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले. बराच वेळ थोपटल्यावर त्यांनी विचारले, "मग? माफ केलं का तिने तुला?"

"विचारलंच नाही," किमया म्हणाली. "तिचा हात गळ्याकडे गेला, म्हणून आम्ही उठलो. मी विचारलं असतं, तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं."

मित्रांनो, त्यानंतर मी कधी चाललो नाही. विश्वासरावांनी मला स्वच्छ पुसून पुन्हा जोडले, पण कॅसेट कुणी घातली नाही. किमयाचे पुढे काय झाले ते विचाराल, तर ती शिकली, नोकरीला लागली, आणि अजूनही ती गाणी ऐकताना मधेच उठून बंद करते. तिचे दुःख गेले, असे मी म्हणणार नाही.

तुमच्या घरात एखादे जुने यंत्र असेल, तर अधूनमधून त्याची धूळ पुसा. आमचे काय दुखते ते निदान स्क्रू काढून पाहता येते. माणसाचे तसे पाहता येत नाही. म्हणून तुमचे आवडते माणूस दुखते म्हणून सांगेल, तेव्हा त्याच्या शब्दावरच विश्वास ठेवा, आणि त्याला जाऊ द्या.