दोन जोंधळ्यांचं अंतर

माघातली दुपार मंगळवेढ्यावर उतरते ती पिकल्या शाळू जोंधळ्याचा रंग घेऊन. काळ्या रानावर फिकट सोनेरी ऊन, उन्हात कणसांची जड डुलकी, कणसांवरून सरकणारा कोरडा वारा. त्या वाऱ्याला तीन आवाज असतात. बुंध्यापाशी घुमणारा, पानांतून बोलणारा, आणि अगदी वर, जिथं पान संपतं तिथं, सळसळीचं नुसतं टोक.

वेशीजवळच्या लहानशा दुकानात स्पीकर दुरुस्त करणारे गुरलिंगआप्पा हत्तुरे छत्तीस वर्षं हे तिन्ही आवाज निरनिराळे ऐकत आले होते. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्यांच्या दुकानात ध्वनीची तीन घरं होती. तळाला वूफर: परातीएवढा काळा कागदी शंकू, जड म्हणून सावकाश, रुंद म्हणून ओंजळभर हवा लोटत पुढं येणारा. पखवाजाची थाप त्याची, ढगांचा गडगडाट त्याचा. मधे तळहाताएवढा दुसरा शंकू: माणसाच्या हाकेचा, हसण्याचा, गळा दाटून येण्याचा. आणि माथ्यावर ट्विटर: अंगठ्याएवढा रेशमी घुमट, डोळ्याची पापणी लवण्याआधी हजारदा थरथरून घेणारा. टाळांची किनार त्याची, पैंजणांचं तेज त्याचं.

"थोरल्याला घाई जमत नाही, धाकट्याला भार पेलत नाही," आप्पा गिऱ्हाइकाला सांगत. "म्हणून एका डब्यात तिघांनी नांदायचं."

नांदतात की नाही हे पाहण्याची त्यांची रीत एकच. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका सकाळी त्यांनी घरातला आवाज कॅसेटवर धरून ठेवला होता. पत्नी सुगलाबाई दळत होत्या. जात्याची घरघर, घरघरीवर त्यांची ओवी, ओवीवर हिरव्या बांगड्यांची किणकिण. नकळत त्या सकाळीच तिन्ही स्वर मांडले गेले होते: खालचा, मधला, वरचा. दुरुस्त झालेला प्रत्येक डबा आधी ती सकाळ ऐकवी. जातं छातीत घुमलं पाहिजे, ओवी समोर बसून म्हटल्यासारखी वाटली पाहिजे. मग आप्पा मागचं ट्विटरचं बटण हळूहळू फिरवत. बांगड्या लखलखल्या की बोट थांबे. डबा झाला.

कॅसेटी गेल्या, जातं गेलं, बांगड्या कितीदा वाढवल्या आणि कितीदा भरल्या. ती सकाळ मात्र दुकानात रोज होई.

त्या माघात दत्तोबा येलपले डबा परत घेऊन आले. मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. सप्ताह दोन दिवसांवर होता.

"काय ओ आप्पा, ह्यो डबा टाळ वाजवतोय का तवा घासतोय? काल भजनाला पोरांनी कानात बोळे कोंबले!"

महिन्याभरातली ही तिसरी तक्रार. आप्पांनी कॅसेट लावली. जातं फिरलं, ओवी उमटली. त्यांनी बटण फिरवलं. मान वाकडी केली. आणखी फिरवलं.

"बांगड्याच ऐकू येईनात," ते म्हणाले. "ट्विटर दबलाय तुमचा."

दत्तोबांनी दोन्ही कान दाबले. "अवो, नुसत्या बांगड्याच वाजतायत की!"

दुकानामागच्या घरातून सुगलाबाई आल्या. जतला लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर राहून त्या कालच परतल्या होत्या. त्यांनी नेमक्या जागी हात घातला, डब्याच्या मागं, न बघता, आणि बटण मागं घेतलं. जोंधळ्याचे दोन दाणे शेजारी ठेवावेत, तेवढंच.

दत्तोबांनी कानांवरचे हात काढले.

आप्पा त्या बोटांकडं पाहत राहिले. नवख्या हाताला इतकी वाट माहीत नसते.

"कधीपासनं?"

"चार वर्सं झाली."

"बोलली न्हाईस."

"तुमी भाकरी खायाला उठला की फिरवत हुते. बोलले असते तर तुमी दुकानच उघडलं नसतं."

आप्पांनी कॅसेट पुन्हा मागं नेली. जातं होतं. ओवी होती, तिच्यातला विशीतला श्वाससुद्धा होता. ओवीच्या वर, जिथं हिरवी काच उन्हात हलत असे, तिथं रिकामं आभाळ होतं. केव्हा गेलं हे? वळचणीच्या चिमण्या गेल्या तेव्हा? की त्या गेल्याच नव्हत्या? फोडणीत मोहरी मुकी झाली, ती कुठल्या साली? वरचा स्वर जाताना दार वाजवत नाही. वय त्याला आधी हाक मारतं, आणि तो मागं न बघता निघतो.

त्यांनी वायर काढली, गुंडाळली, डब्यावर ठेवली.

"दत्तोबा, सोलापूरला न्या हा. ज्याला कान न्हाई त्यानं आवाजाला हात लावू नये."

छत्तीस वर्षांचं दुकान एका वाक्यात मिटत होतं, आणि भिंतीवरचे सारे उघडे शंकू जणू श्वास धरून होते.

"कुटं न्यायचा न्हाई," सुगलाबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून त्या डब्यासमोर बसल्या, पदर सावरला. "चार वर्सं चोरून केलं. आता समोर बसून करते. तुमी फिरवा, मी सांगते."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसणं मधल्या शंकूतनं येतं. त्येवढं तुमाला ऐकू येतं."

दत्तोबा फिस्सकन हसले. आप्पांनी रागानं त्यांच्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. कितीतरी वेळ त्यांचा हात मांडीवरच होता. मग त्यांनी वायर सोडवली, पुन्हा जोडली.

बटण फिरू लागलं. केसभर, आणखी केसभर.

"थांबा," सुगलाबाई म्हणाल्या.

बोट थांबलं. आप्पांना काहीच बदललेलं ऐकू आलं नाही. त्यांनी बटणाजवळ खडूनं खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या शब्दावर.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी देऊळ माणसांनी भरलं. पखवाज उठला, तो आप्पांच्या तळपायांतून वर आला. अभंग उठला, तो छातीशी थांबला. मग टाळ सुरू झाले. आप्पांपर्यंत आली ती फक्त पितळेची बोथट ठकठक. तिचं तेज वरून निघून गेलं, उंच, फार उंच.

त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. समईच्या उजेडात सुगलाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. टाळावर टाळ पडला की मिटल्या पापण्यांची कड किंचित थरथरे, ट्विटरच्या रेशमी घुमटासारखी. टाळ पडे, कड थरथरे, टाळ पडे, कड थरथरे. आप्पा टक लावून पाहत राहिले, आणि त्या थरथरीवर, एक मात्रा न चुकवता, त्यांचा तळवा गुडघ्यावर ठेका धरू लागला.