कोरडी गादी

‘कुत्रा म्हातारा झालाय. झोपेत गादी ओली करतो. काय करू?’

तिच्या घरात कुत्रा नव्हता. बाबा होते. पण वडिलांबद्दल असलं काही चारचौघांत विचारायला तिची जीभ रेटत नव्हती, म्हणून तिनं कुत्रा केला. फोनवरच्या त्या गटात लोक पडद्यावरचे डाग, झुरळं, मांजरांचे नखरे असलं काहीबाही विचारत. तिनं मागे तेलाच्या डागाचं विचारलं होतं आणि डाग खरंच गेला होता. माणसाचा विश्वास बसायला एवढंही पुरतं.

नवऱ्यानं सासऱ्यांना घरात घेतलं होतं ते अटीवर. तसा वाईट नव्हता तो, नाक तेवढं तिखट. ‘घरात वास आला की मी त्यांची दुसरी सोय बघणार,’ हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुसरी सोय म्हणजे काय, ते तिनं आत्याला भेटायला गेल्यावर पाहिलं होतं. एका खोलीत खाटाच खाटा, आणि दाराला बाहेरून कडी.

सल्ला द्यायला लोकांचं काय जातं? तासाभरात उत्तरांचा ढीग पडला. गादीवर रबरी चादर घाला. व्हिनेगरनं वास जातो. ‘बोक्याचा बाप’ असं नाव लावणाऱ्या कुणीतरी ठासून लिहिलं होतं, ‘दुपारनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवा. केविलवाणं बघेल, तिकडे लक्ष देऊ नका. सवय लागते.’

चादर आली, व्हिनेगर आलं. मग तिनं पाण्याचा जग उचलून फ्रिजवर ठेवला.

“बाबा, दुपारच्या जेवणानंतर पाणी नको हं. रात्री त्रास होतो ना तुम्हाला.”

“तुलाच धुवायला लागतं,” बाबा म्हणाले. “जावईबापूंना कळलं नाही ना?”

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वेळ एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नसे. दुपारी ते फ्रिजवरच्या जगाकडे बघत आणि मग भिंतीकडे तोंड करत. केविलवाणं बघणार हे आधीच ठरलेलं होतं, तेव्हा ती मान खाली घालून शिवणाचं मशीन चालवत राही.

आठवडाभरात गादी कोरडी राहू लागली. रबरी चादरीवरून हात फिरवून बघितला, तीही कोरडी, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ‘जमलं,’ तिनं गटावर लिहून टाकलं. बाबा दिवसाही पेंगायला लागले होते, तिला आईच्या नावानं हाक मारत होते. वयच झालं, असं तिनं मनाशी म्हटलं.

मग एका दुपारी ते गॅलरीत सापडले. चिमण्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी तोंडाला लावलेलं, सदरा भिजलेला. तिला बघताच त्यांनी भांडं खाली ठेवलं.

“चुकलं,” ते म्हणाले. “एकच घोट घेतला.”

ती धावत जाऊन पेला भरून घेऊन आली. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“प्या ना, बाबा. मीच सांगतेय.”

“दुपार टळली गं. गादी...”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लघवी कधीपासून होत नाहीये?”

“गादी कोरडी होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना.”

“पाणी किती पीत होते?”

“पाण्याला काय तोटा आमच्याकडे?” नवरा म्हणाला. आपण काय केलं ते तिला लख्ख कळलं होतं, आणि ते सांगायला या खोलीत कुत्रा चालणार नव्हता.

मूत्रपिंडं थकली होती. या वयात आता फारसं काही हातात नाही, ओठ तेवढे ओले करत राहा, असं सांगून बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

फोन वाजला. ‘शाब्बास,’ बोक्याच्या बापानं लिहिलं होतं. ‘आता त्याला काहीतरी आवडीचं खायला द्या.’

तिनं फोन पालथा घातला आणि कापसाचा बोळा पाण्यात बुडवून बाबांच्या तोंडाशी नेला. त्यांनी डोळे उघडले. भिंतीवर घड्याळ शोधलं, सापडलं नाही, तसे ओठ मिटून घेतले. खिडकीबाहेर दिवे लागले होते. तिनं उठून पडदा ओढला.

“सकाळ आहे, बाबा,” ती म्हणाली. “आत्ताच उजाडलंय.”

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.