डावीकडचं हेलिकॉप्टर

श्रीवर्धनच्या मोहल्ल्यात रफिकच्या घरी गेलेल्या माणसाला चहाच्या आधी हेलिकॉप्टर मिळायचं. पाहुणा टेकला न टेकला की रफिक उठायचा, हॉलमधल्या कपाटापाशी जायचा आणि तिथल्या, गाणी वाजवायच्या काळ्या रिसीव्हरचं बटण दाबायचा. रिसीव्हर लगेच बोलत नसे. थोडा वेळ घेई, मग पोटातून 'टक्' असा आवाज काढी. "ऐकला?" रफिक विचारायचा. "रिले. आजकालच्या मशिनींत ह्यो आवाज नाय." रिले म्हणजे काय हे पाहुण्याला ठाऊक नसे, पण मान डोलावल्याशिवाय चहा येत नाही एवढं त्याला कळलेलं असे.

मग हेलिकॉप्टर. सौदीतल्या जुबैलच्या दुकानदाराने रिसीव्हरबरोबर एक सीडी फुकट दिली होती, त्यात ते होतं. उजव्या स्पीकरमधून यायचं, डोक्यावरून घरघरत जायचं आणि डाव्या स्पीकरमधून लांब निघून जायचं. पूर्वी मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकरही होते, पण त्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. पुढचे दोन मोठे राहिले आणि हेलिकॉप्टरला तेवढे पुरत होते. एके काळी मोहल्ल्यातली मुलं ते ऐकायला दारात गर्दी करायची आणि आवाज संपला की डावीकडच्या खिडकीतून आभाळात बघायची.

हा रिसीव्हर रफिकच्या ओव्हरटाइमचा होता. जुबैलच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत त्याची नोकरी. त्या खोलीत जादा पाळी करायला कुणी तयार नसे, कारण तिथून बाहेर पडलं तरी कानात घरघर राहायची. कानांवर घालायला कंपनी जाड टोप्या द्यायची. रफिक उजवी घालायचा आणि डावी वर सरकवून ठेवायचा, कारण मशीन कुठे कण्हतंय हे त्याला नुसत्या कानाने कळायचं. मीटरचा काटा हलायच्या आधी रफिक सांगायचा की अमुक बेअरिंग जाणार, आणि ते जायचं. साहेबलोक त्याला 'कानवाला' म्हणत. नोकरी सोडून गावी परत आला तेव्हा त्याने बरोबर दोनच गोष्टी आणल्या असं तो म्हणायचा, एक हा रिसीव्हर आणि दुसरं ते नाव.

खरं तर रिसीव्हर त्याच्या आधी आला होता, कार्गोने. इथेच सगळा घोटाळा झाला. तिकडे क्वार्टरमध्ये एकशेदहाची वीज, आपल्याकडे दोनशेवीसची. म्हणून अशा मशिनींच्या पाठीला एक बारीक खटका असतो, तो गावी आल्यावर फिरवायचा. गल्फच्या घरांत हे पोराटोरांनाही माहीत. पण मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या, महेरुन्निसाच्या, धाकट्या भावाला, अफानला, बहिणीला चकित करायची हौस आली. त्याने खोका फोडला, वायरी जोडल्या आणि पाठीकडे न बघता प्लग खुपसला. फट् आवाज झाला, धूर निघाला. पुढे रफिकने येऊन फ्यूज बदलला आणि मशीन सुरू झालं, पण अफानचा खटला काही मिटला नाही. सीडी अडकली, अफान. रिमोट चालेना, अफान. वादळात छपराची कौलं उडाली तेव्हा फक्त अफानचं नाव निघालं नाही, तेही बहुधा विसरल्यामुळे. रिसीव्हर बिघडला की रफिक मेहुण्याला फोन लावायचा, एरवी नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात रफिकचा हात धरणारं कुणी नव्हतं. अफान बिचारा दरवेळी ऐकून घ्यायचा.

गेल्या वर्षापासून डावा स्पीकर मंदावला. हेलिकॉप्टर यायचं, पण जायचं नाही. डोक्यावर आलं की विरून जायचं. रफिक उठून रिसीव्हरच्या डाव्या कुशीवर उघड्या पंजाची थाप मारायचा, पुन्हा बसायचा आणि वाट बघायचा. एक-दोन दिवसांत आवाज परत यायचा. "बगितलास?" तो बायकोला म्हणायचा. "मशीनला हात ओळखू येतो." महेरुन्निसा मासे साफ करता करता हो म्हणायची.

पण पावसाळा सरल्यावर थापेचा गुण येईनासा झाला. त्याच सुमारास तळोज्याला नोकरी करणारा मुलगा उझैर घरी आला आणि आवाज ऐकून कंटाळला.

"अब्बा, मी सांगतो ते ऐका. येत्या रविवारी मी साउंडबार घेऊन येतो. एवढीशी पट्टी, टीव्हीखाली बसते. हे धूड भंगारात द्या."

"ह्यात काय खराबी नाय. डावी बाजू तेवढी—"

"मग रविवारपर्यंत डावी बाजू करून दाखवा. झाली तर ठेवू. नाहीतर मी स्वतः उचलून नेतो."

"कबूल," रफिक म्हणाला. कानवाल्याच्या मशिनीला कानवाल्याच्याच घरात नापास करणारा हा कोण, असं त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तो रिसीव्हर मांडीवर घेऊन रिक्षाने बाजारात गेला. केतनचं दुकान मोबाइलचं, पण त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे एक जुनं टेबल आणि थोडी विद्या त्याच्याकडे उरली होती. केतनने झाकण उघडून धूळ उडवली, रिलेची टोकं साफ केली आणि दुकानातले स्पीकर जोडून गाणं लावलं.

"झाला, चाचा. दोन्ही साइड सेम."

रफिकने डोळे मिटून ऐकलं. "डावा कमी हाय."

"सेम हाय ओ. मीटर लावून दाखवू?"

"मना मीटर नको दाखवूस. मीटरच्या आधी माझा कान सांगतो."

केतनला दुसरी गिऱ्हाइकं होती. त्याने मशीन बंद करून झाकण लावलं. "एक गोष्ट मात्र होती, चाचा. बॅलन्स पार डावीकडे नेऊन ठेवलावता कोणीतरी. एकदम टोकाला. मी मधे आनला."

बॅलन्सला, म्हणजे कुठल्या स्पीकरला किती आवाज जायचा त्या मापाला, आपण कधी हात लावत नाही हे रफिकला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कुणी लावला? परतीच्या रिक्षात त्याला उत्तर सापडलं. ईदला अफान आला होता आणि बराच वेळ रिमोटशी चाळा करत बसला होता. घरी येताच त्याने हे बायकोला सांगितलं. महेरुन्निसा ओटा पुसत राहिली.

त्याने सगळं जोडलं, सीडी घातली, आपल्या खुर्चीत बसला. हेलिकॉप्टर आलं आणि डोक्याच्या अलीकडेच मेलं. आता तर डावीकडे काहीच नव्हतं.

रफिकला राग आला, पण त्याचे हात मेकॅनिकचे होते. रागावूनही ते क्रमाने चालत. आधी त्याने रिसीव्हरच्या पाठीमागच्या वायरी उलटसुलट केल्या. मशीन बिघडलं असेल तर बिघाड आता उजवीकडे जायला हवा. बिघाड डावीकडेच राहिला. म्हणजे मशीन बरं, स्पीकर गेला. त्याने धापा टाकत डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे नेला. तरी बिघाड डावीकडेच. वायर बदलली, स्पीकर बदलला, आणखी काय बदलायचं राहिलं? तो खुर्चीत बसून विचार करत होता. हॉलमध्ये न बदललेली एकच वस्तू होती आणि ती खुर्चीत बसलेली होती.

तो उठला. खुर्ची फिरवून तिची पाठ कपाटाकडे केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. हेलिकॉप्टर पुन्हा सुरू झालं. या वेळी ते येताना ऐकूच आलं नाही. डोक्यावरून एकदम उगवलं आणि दुसऱ्या बाजूने ठणठणीत आवाज करत निघून गेलं.

रफिकने उजव्या कानावर तळवा दाबला. पंखा थांबला. बाहेरच्या पोफळींत कावळे भांडत होते, तेही थांबले. तळवा काढला, सगळं परत आलं. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा काढला. त्याला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी, आणि तिच्या पाठोपाठ लाज वाटली.

महेरुन्निसा दारात उभी होती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या नवऱ्याला तिने काय करताय असं विचारलं नाही. तेव्हा त्याला उरलेलंही कळलं.

"बॅलन्स तू फिरवायचीस?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तुमी थाप मारून वाट बघत बसायचे. मग मी तुमी नमाजला गेले की एकेक घर सरकवायची. आता टोकाला लागला. पुढं सरकंना."

म्हणजे मशीन हात ओळखत होतं ते असं. थाप नवऱ्याची आणि गुण बायकोच्या अंगठ्याचा. रफिकला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"मना सांगितला का नाय?"

"सांगितला. दोन वेळा." ती थांबली. "तुमच्या डावीकडं बसून."

रफिकने खुर्ची परत सरळ केली. मग म्हणाला, "उझैरला बोलू नको." महेरुन्निसाचं मत तिच्या तोंडावर दिसत होतं.

पुढचे दिवस रफिकने हिशोब करण्यात घालवले, पण हिशोब जुळेना. मशीन ठीक आहे म्हणावं, तर मग डावीकडे कमी का ऐकू येतं हे सांगावं लागणार. मशीन बिघडलंय म्हणावं, तर ते भंगारात जाणार. जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनींचे बिघाड बोट ठेवून दाखवले आणि आपला बिघाड बायकोने वर्षभर रिमोटने झाकला, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं? शनिवारी त्याने ठरवलं. मशीन गेलं तर जाऊ दे. नाव तरी राहील.

रविवारी उझैर लांबट खोका घेऊन आला. "झाली डावी बाजू?"

"नाय झाली," रफिक म्हणाला.

उझैरला बापाला हरवल्याचा आनंद झाला नाही, त्याला थोडं वाईटच वाटलं. त्याने वायरी काढल्या. रिसीव्हर कपाटातून ओढला, तेव्हा इतक्या वर्षांत न दिसलेला धुळीचा काळा चौकोन खाली दिसला. "काय वजन आहे!" तो म्हणाला आणि मशीन छातीशी धरून उभा राहिला. बापाला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला, "तुमचा काही दोष नाही, अब्बा. मामूने तेव्हा जाळलं नसतं तर अजून चाललं असतं."

रफिक सोफ्यावर बसला होता. शेजारी, डावीकडे, महेरुन्निसा. ती काहीतरी बोलली. रफिकला ते ऐकू आलं नाही. उझैरची नजर चमकून आईकडे गेली तेव्हाच त्याला कळलं की ती बोलली. मुलाचा चेहरा उतरला होता. नवरा शेजारी बसलेला आणि बायकोचं बोलणं पोराच्या चेहऱ्यावरून वाचायचं! असं वर्षभरात किती बोलली असेल ती?

"ठेव ते खाली," तो म्हणाला.

"काय?"

"मशीन जागेवर ठेव. त्यात काय खराबी नाय. माझा डावा कान गेलाय."

उझैर तसाच उभा राहिला. मग त्याने मशीन धुळीच्या चौकोनावर नीट बसवलं आणि काही न विचारता वायरी जोडल्या. टक् झालं. त्याने रिमोट उचलला.

"डावीकडे घेऊ का, अब्बा? तुम्हाला बरं पडेल."

"मधेच ऱ्हाऊ दे. घरात आनखी मानसं हायत. वर्षभर तिनं वाकडा ऐकला."

रफिक उठला आणि बायकोला वळसा घालून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आता ती त्याच्या उजवीकडे होती. त्याने विचारलं, "मगाशी काय म्हणालीस?"

"माझ्या भावाचा नाव आता पुरे झाला. तेवढाच म्हटला."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन उजव्या कानाला धरला. पलीकडे अफानने उचलला आणि सवयीने, थकलेल्या आवाजात, आधीच कबुलीजबाब दिल्यासारखं विचारलं, "काय, दुल्हाभाई? परत डावी बाजू?"

"व्हय, डावीच," रफिक म्हणाला. "पन ती तू नाय जाळलीस. तू जाळलास तो निस्ता फ्यूज."