टिंबातला म

जमालचाचा कतारहून आला आणि त्याने मला अत्तराची बाटली दिली, करंगळीएवढी. तिच्यावर अरबीत नाव होतं, अंबर. मी घरभर नाचले. कारण मराठी भाषा दिनासाठी राजश्री मॅडमनी सांगितलं होतं की प्रत्येकाने एक शब्द घ्या, त्याच्यावर स्टेजवर बोला आणि सोबत एक वस्तू आणा. माझा शब्द ठरलेलाच होता, अंबर. अंबर म्हणजे आकाश. अंबर म्हणजे वस्त्र, म्हणून तर पीतांबर. इंग्रजीतला ॲम्बर म्हणजे झाडाचा चीक गोठून झालेला पिवळा मणी, आणि सिग्नलचा मधला दिवा. आमच्या पूर्णगडात सिग्नल फक्त मोबाइलचा, तोही आला तर. पण वस्तू काय नेणार? आकाश पिशवीत मावत नाही. आता अत्तर मिळालं होतं.

खुशीत मी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "अंबर मिळालं. सोमवारी शाळेत आणते."

आता आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा अंबर म्हणजे काय. आकाश कुणी म्हणणार नाही. देवमाशाच्या पोटात तयार होतं, लाटांवर तरंगत कधीतरी वाळूला लागतं आणि परदेशात अत्तरात घालतात, ते अंबर. ते जवळ ठेवणं गुन्हा आहे हेही इथे शेंबड्या पोराला माहीत. माझा मेसेज माझ्या बाकावरच्या सानवीच्या फोनवरून तिच्या मामाकडे, मामाकडून जेटीवर, आणि तिथून कुठे गेला अल्ला जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचे गार्ड आमच्या पडवीत उभे.

चाचाने बाटली दाखवली. गार्डनी हुंगली, मनगटाला लावली, परत हुंगली आणि म्हणाले, यात देवमाशाचं काही नाही, नुसतं नाव आहे. चहा घेऊन ते गेले. मागोमाग शेजारची हौसामावशी आली आणि मला चिडवायला लागली. "काय गो साबेरा, मासा केवढा होता?"

अम्मीला मात्र हसू येईना. ती म्हणाली, सोड तो शब्द, शब्दांना काय तोटा आहे?

शाळेत मॅडमनी बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाल्या, आकाश आणि वस्त्र एवढ्यावरच बोल, बाटली आणू नकोस, नाहीतर सरळ 'समुद्र' हा शब्द घे. गेल्या वर्षीची मी असते तर मान हलवून निघाले असते. गेल्या वर्षी मी हजेरीलासुद्धा सानवीला माझ्या वतीने 'हजर' म्हणायला लावायची. यंदा माझा आवाज मला सापडलाय, आणि तो चांगला मोठा आहे.

"मॅडम, आकाश सगळ्यांच्या घरावर आहे. हे अंबर आमच्या घरात आहे. तेच सोडून मी बोलू काय?"

"आणि परत कुणी तक्रार केली तर?"

"ज्यांच्याकडे तक्रार जाते त्यांनाच बोलावते."

मॅडम म्हणाल्या, "बघ." त्याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. एका शब्दाचे अनेक अर्थ असतात.

शाळा सुटल्यावर तडक गार्डना गाठलं. म्हटलं, पहिल्या रांगेत बसा आणि मी काही चुकीचं बोलले तर तिथेच थांबवा. तेही म्हणाले, "बघतो."

घरी येऊन बाटलीवरची अक्षरं नीट वाचली तर त्यात म नव्हताच. ऐन, नून, बे, रे. नून म्हणजे न, बे म्हणजे ब. मग आपण म्हणतो तो म आला कुठून? एकदम आठवलं, मदरशात शिकवणाऱ्या आपांनी घोकून घेतलेलं. नूनपुढे बे आली की नून ओठांत मिटतो आणि त्याचा म होतो. आणि मॅडमनी वर्गात शिकवलेलं? टिंबापुढे ब आला की टिंबाचा उच्चार म. आकाशातलं अंबर संस्कृतातून आलं, अत्तरातलं अरबीतून. दोघांचं नातं काही नाही, पण दोघंही ब समोर आला की तोंड मिटतात. मी ताडकन उठले आणि सगळं भाषण बदललं.

सोमवारी गार्ड आले. गणवेशात, हाताची घडी घालून, पहिल्या रांगेत. अम्मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी बाटली उंच धरली. आधी सांगितलं की जे जवळ बाळगायचं नसतं ते अंबर माझ्याजवळ नाही, कधी वाळूत दिसलंच तर पहिला फोन ह्यांना. हॉल हसला. मग मी आकाशावरून वस्त्रावर आले, वस्त्रावरून मण्यावर, मण्यावरून देवमाशावर. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी थांबले नाही. नून सांगितला, टिंब सांगितलं, आणि म्हटलं, आता सगळ्यांनी माझ्याबरोबर हळूच 'अंबर' म्हणा, आणि ओठांकडे लक्ष ठेवा.

"अं..."

अख्ख्या हॉलचे ओठ मिटले. मॅडमचे, हौसामावशीचे, दाराजवळ अम्मीचे. गार्डनी मला थांबवलं नाही. थांबवणार कसे? त्यांचंही तोंड तेव्हा म वर बंद होतं.