माझ्या पोटातली काजळी

मित्रांनो, इलेक्ट्रॉनच्या झोतानं धातूला भोकं पाडणारी मी एक जुनी मशीन आहे. मला पातं नाही. माझ्या डोक्यातली तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, जबरदस्त दाबाची वीज त्यांना खाली पिटाळते आणि चुंबकाचं वेटोळं त्यांचा केसाएवढा झोत करतं. झोत पडेल तेवढाच ठिपका वितळतो, उडून जातो, आणि भोक तयार! सेकंदात शेकडो. पण आधी माझ्या पोटातली हवा पंपानं उपसावी लागते, नाहीतर इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आपटून भरकटतात.

म्हणून मला घाणीचा मनस्वी तिटकारा. बोटाचा तेलकट ठसासुद्धा आत वाफ सोडत राहतो. शिवाय उडालेल्या धातूची काजळी माझ्याच भिंतींवर बसते. माझे पहिले चालक, चष्मेवाले काका, ती रोज हातमोजे घालून पुसायचे. तेव्हा मी कृत्रिम धागे काढायच्या चाळण्या केल्या, बारीक गाळण्या केल्या. पाहुणे आले की मालक आधी मलाच दाखवायचे.

काका निवृत्त झाले आणि मी सुपरवायझर साहेबांच्या हाती पडले. ते सदैव काहीतरी चघळत आणि त्याच चिकट बोटांनी माझं दार उघडत. काजळीचे पापुद्रे लोंबू लागले. एकदा ग्रीसनं माखलेलं फडकं आठवडाभर आतच राहिलं. शी! त्याची वाफ माझ्या अंगभर पसरायची.

त्यातच विमानाच्या इंजिनाच्या प्लेटा आल्या. त्यांच्या भोकांतून गार हवा जाणार होती. आत किती हवा उरली ते दाखवणारा काटा खाली उतरेना, तेव्हा साहेबांनी चालेल तेवढ्या हवेची मर्यादाच वाढवून ठेवली आणि झोत सोडला. तो फिसकटला. स्वतःच्या कामाची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

तपासणीला काकांची मुलगी होती. तिनं भिंगाखाली प्लेट धरली.

“साहेब, ही भोकं बुजलीत.”

“दहा-बारा असतील, ताई. कोण मोजतंय? मारा शिक्का.”

“गार हवा गेली नाही तर प्लेट जळेल. वर माणसं बसलेली असतील.”

“उगाच राईचा पर्वत करू नका!”

ताईनं शिक्का त्यांच्यापुढे सरकवला. “मग तुम्हीच मारा. खाली सहीही तुमचीच करा.”

साहेबांनी शिक्का उचलला. प्लेटकडे बघितलं. घसा खाकरला आणि शिक्का खाली ठेवला.

त्या सगळ्या प्लेटा भंगारात गेल्या. मालकांनी साहेबांनाच माझी सफाई करायला लावली. माझ्या पोटात डोकं घालताच त्यांनी नाक दाबलं.

“अरे देवा, किती ही घाण!”

“तुमचीच आहे,” ताई म्हणाली आणि तिनं ब्रश पुढे केला.

मित्रांनो, माझे लाड करू नका. पण माझ्या भोकांच्या भरवशावर कुणी आई लेकराला मांडीवर घेऊन ढगांवरून जात असते. माझ्याकडे येताना निदान हात तरी धुऊन या.